कॅसेटवरचे 'आणि साथीदार' आणि रेडिओची रॉयल्टी

खाडीकाठ (सोमवार, रात्री ९:२०)

गेल्या गणपतीत, गौरी यायच्या आदल्या दिवशी, अंधेरीला राहणाऱ्या माझ्या चुलतभावाचा फोन आला. तो रिक्षातून जात असताना एका खाजगी एफ.एम. वाहिनीवर आमच्या अप्पांची गौळण लागली होती. अप्पा म्हणजे माझे वडील. राजापूर तालुक्यात ज्यांनी गेल्या चाळीसएक वर्षांत जाखडी (कोकणातला गाण्यावरचा लोकनाच) पाहिली असेल, त्यांना हा आवाज ओळखीचा असेल. निवेदकाने गाण्यापूर्वी 'कोकणातले एक पारंपरिक गीत' एवढेच सांगितले. ते गीत पारंपरिक नाही. १९८९ च्या पावसाळ्यात भाताची लावणी आटोपल्यावर अप्पांनी पडवीत बसून लिहिलेले ते कवन आहे आणि त्याची तारीख घातलेली वही आजही आमच्या कपाटात आहे.

अप्पांच्या दोन कॅसेटी निघाल्या, एक १९९३ साली आणि दुसरी १९९८ साली. दोन्ही मुंबईतल्या एकाच कंपनीने काढल्या, दादरच्या एका स्टुडिओत एकेका दिवसात उरकल्या आणि गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना विकल्या. पहिल्या वेळी अप्पांना दोन हजार रुपये मिळाले व त्यांनी केवळ पावतीवर सही केली. दुसऱ्या वेळी चार हजार मिळाले आणि स्टँप पेपरवर सही झाली. दोन्ही वेळा ती रक्कम आठ जणांत वाटली गेली आणि एस.टी.चे भाडेही त्यातूनच गेले. स्टँप पेपरची झेरॉक्स माझ्याकडे आहे. त्यातले महत्त्वाचे वाक्य एकच आहे : 'सदर गीतांचे सर्व हक्क कंपनीकडे राहतील.' पुढे त्या कंपनीने आपला सगळा साठा दुसऱ्या कंपनीला विकला. या नव्या कंपनीत मी फोन केला, तेव्हा तुमचे वडील त्या वेळी पैसे घेऊन मोकळे झाले आहेत, असे मला सांगण्यात आले.

रेडिओवर लागलेली गौळण १९९८ च्या कॅसेटमधली आहे. १९९३ च्या कॅसेटमधला गण कोणीतरी खाली ढोल-ताशाचे ठेके भरून इंटरनेटवर चढवला आहे, तो वेगळा विषय.

माझा प्रश्न केवळ अप्पांपुरता नाही. दोन्ही कॅसेटींच्या कव्हरवर अप्पांचे नाव ठळक छापले आहे आणि त्याखाली बारीक अक्षरात 'आणि साथीदार' असे दोन शब्द आहेत. त्या दोन शब्दांत ढोलकीवाले काका, झांजवाले आणि पाच झीलकरी (मुख्य गायकामागून सूर धरणारे) बसवलेले आहेत. ढोलकीवाले काका सहा वर्षांपूर्वी गेले. रेडिओने गाणे वाजवले तर गायकाला काही देणे लागते काय, साथीदारांना लागते काय आणि लागत असेल तर ते कोणी कोणाकडे मागायचे, हे जाणकारांनी सांगावे.

तुरेवाला (सोमवार, रात्री १०:०५)

आपल्या वडिलांविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो. शब्द त्यांचे असतील, परंतु चाल त्यांची आहे, हे कशावरून? शक्ती-तुऱ्यातल्या, म्हणजे जाखडीतल्याच, चाली गुरूकडून शिष्याकडे येतात. माझ्या गुरूंच्या गुरूंनी म्हटलेल्या चालीवर आज वीस मंडळे नाचतात. तिच्यावर एकाने मालकी सांगितली, तर उद्या गावच्या नाचात पाय उचलण्यापूर्वी परवानगी मागावी लागेल. निवेदकाने 'पारंपरिक' म्हटले ते अगदीच चुकले असे मला वाटत नाही.

देवगडकर_वकील (मंगळवार, सकाळी ७:५०)

खाडीकाठ, मी काही वर्षे मुंबईत या प्रकारची कामे पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ध्वनिमुद्रित गाण्यात कायद्याला चार जण दिसतात. शब्द लिहिणारा, चाल बांधणारा, ध्वनिमुद्रणासाठी पैसे घालणारा निर्माता आणि प्रत्यक्ष गाणारे-वाजवणारे. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याने यांतल्या पहिल्या तिघांना हक्क दिले आणि चौथ्याला काहीच दिले नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी (आयपीआरएस, कवी-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) विरुद्ध चित्रपट निर्माते असा खटला निकाली निघाला, त्या वेळी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मुद्दाम स्वतंत्र टिपण जोडून गायकाच्या या उपेक्षेकडे संसदेचे लक्ष वेधले होते. कायदा कागदावर उतरलेल्या स्वरावलीला संरक्षण देतो आणि ती जिवंत करणाऱ्या गळ्याला देत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. संसदेला जाग येण्यास पुढे सतरा वर्षे लागली. १९९४ च्या दुरुस्तीने 'सादरकर्त्याचा हक्क' आला आणि तो १० मे १९९५ पासून अमलात आला. त्याच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडीही आहेत. ज्या व्याख्येत गारुडी बसतो, तिच्यात झीलकरी बसत नाही, असे म्हणण्यास कोणालाही जागा नाही. 'आणि साथीदार' हा शब्दप्रयोग कॅसेट कंपन्यांचा आहे, कायद्याचा नव्हे.

हा हक्क प्रथम २५ वर्षांचा होता, १९९९ च्या दुरुस्तीने तो ५० वर्षांचा झाला. ज्या वर्षी गायन झाले त्याच्या पुढच्या वर्षारंभापासून ही मुदत मोजतात. तेव्हा आपल्या १९९८ च्या कॅसेटवरील आठही जणांचा हक्क २०४८ च्या अखेरपर्यंत चालतो. १९९३ च्या कॅसेटचे मात्र तसे नाही. त्या दिवशी स्टुडिओत जे गायले गेले, त्याला गाणाऱ्याचा हक्क म्हणून कायद्यात जागाच नव्हती.

गंमत अशी की, कवी म्हणून पाहिले तर हीच बाजू उलटते. शब्द आणि चाल यांवरील हक्क लेखी करारावर सही असल्याखेरीज दुसऱ्याकडे जात नाही, असे कलम १९ सांगते. १९९३ साली आपल्याकडे केवळ पैसे पोहोचल्याची पावती आहे. त्या पावतीवर हक्क दिल्याचा मजकूर नसेल, तर पहिल्या कॅसेटमधील कवने आजही अप्पांचीच आहेत. त्या काळी कॅसेट काढण्यास त्यांची संमती होती एवढेच कंपनीला म्हणता येईल. १९९८ च्या कागदात 'सर्व हक्क' असे शब्द आहेत, परंतु किती वर्षांसाठी ते लिहिलेले नाही. १९९५ पासून लागू असलेली तरतूद अशी आहे की, करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची मानावी आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानावा. म्हणजे त्या चार ओळींच्या कागदाचे आयुष्य २००३ साली संपले, असे मी न्यायालयात ठामपणे मांडेन. कंपनीचा वकील अर्थातच 'सर्व' या शब्दावर जोर देईल.

आता रेडिओकडे येते. १९९४ च्या तरतुदीत एक मोठे भगदाड होते. कलाकाराच्या संमतीने झालेले ध्वनिमुद्रण रेडिओने वाजवले, तर त्यावर कलाकाराला काही म्हणता येत नव्हते. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम ३८-अ आणले आणि सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाल्यास कलाकार रॉयल्टीस पात्र आहे, असे परंतुक (कलमाला जोडलेली अट) घातले. २०१३ च्या नियमांत 'व्यावसायिक वापर' याच्या स्पष्टीकरणात प्रसारणाचा उल्लेख आहे. हे परंतुक चित्रपटाविषयीच्या पोटकलमाखाली छापले गेले आहे, त्यामुळे ते चित्रपटाबाहेरच्या गाण्यांना लागू नाही असा युक्तिवाद कंपन्या करतात. मला तो पटत नाही, कारण नियमांतील स्पष्टीकरणात ध्वनिमुद्रणाचाही स्पष्ट उल्लेख आहे. तरीही आपल्याला तो युक्तिवाद ऐकावा लागेल, याची तयारी ठेवावी.

त्याच दुरुस्तीने कलम ३१-ड आले. रेडिओ केंद्राने आगाऊ सूचना देऊन ठरलेल्या दराने रॉयल्टी भरली की प्रत्येक गाण्यासाठी मालकाची स्वतंत्र परवानगी लागत नाही, याला वैधानिक परवाना म्हणतात. पण त्याच कलमाच्या पाचव्या पोटकलमात एक अट आहे, जी मी आजवर फार थोड्या निवेदकांना पाळताना ऐकली आहे. प्रसारणाबरोबर कवी-संगीतकारांची आणि प्रमुख कलाकारांची नावे जाहीर करणे बंधनकारक आहे. या परवान्याखाली गौळण वाजवली गेली असेल, तर 'कोकणातले एक पारंपरिक गीत' एवढ्यावर भागत नाही.

तुरेवाला, आपला मुद्दा अर्धा बरोबर आहे. गुरुपरंपरेने आलेल्या चालीवर कोणाचीही मालकी नाही आणि तशी कोणी सांगूही नये. पण सादरकर्त्याचा हक्क रचनेवर अवलंबून नसतो. तुकोबांचा अभंग तीनशे वर्षांच्या चालीत गायला, तरी त्या दिवशी त्या गळ्याने जे गायले त्यावर त्या गायकाचा हक्क राहतो. शेजारच्या मंडळाला तोच अभंग त्याच चालीत गाण्यापासून तो रोखू शकत नाही. कोणाच्याही नाचात परवानगीची भानगड येत नाही.

कुडाळचा_बँजो (मंगळवार, दुपारी १:१५)

मी डबलबारी (दोन बुवांच्या सामन्याच्या) भजनांना बँजो आणि क्वचित ऑर्गन वाजवतो. आमच्या भागात भजनाच्या सीडी आणि नंतर पेनड्राइव्ह एवढे निघाले की, त्यांतल्या कितींत माझा हात आहे ते मलाही सांगता येणार नाही. एका रात्रीचे पैसे घ्यायचे आणि पहाटेची गाडी पकडायची, एवढाच आमचा करार. आमचे एक वयस्कर पखवाजवाले म्हणायचे, "गाणा वाजता, पण पैसो काय वाजणा नाय." वकीलताईंनी लिहिलेले वाचून आनंद झाला, परंतु मागायला गेलेल्या वादकाला पुढच्या हंगामात कोणी बोलावत नाही, हे आमच्या धंद्यातले कलम कोणत्या दुरुस्तीने जाईल?

हिशेबनीस_चिपळूण (मंगळवार, सायंकाळी ६:३०)

हक्क आहे की नाही यावर पुष्कळ लिहून झाले. रक्कम किती, हे कोणी सांगितले नाही, म्हणून मी थोडे आकडे मांडतो.

२५ ऑगस्ट २०१० रोजी कॉपीराइट बोर्डाने खाजगी एफ.एम. केंद्रांसाठी असा दर ठरवला की, केंद्राच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के रक्कम ध्वनिमुद्रणांच्या मालकांना द्यावी आणि ज्याची गाणी जितका वेळ वाजली त्या प्रमाणात ती वाटावी. हा दर ३० सप्टेंबर २०२० पर्यंत चालला. आता एक काल्पनिक केंद्र घेऊ. त्याचे वर्षाचे निव्वळ जाहिरात उत्पन्न १ कोटी रुपये आहे, म्हणजे वाटायची रक्कम २ लाख. केंद्र दिवसाला १५ तास गाणी वाजवते, म्हणजे वर्षाला ५,४७५ तास. आपली पाच मिनिटांची गौळण वर्षभरात २० वेळा लागली, तर एकूण १०० मिनिटे झाली. २ लाखांतला तिचा वाटा सुमारे ६१ रुपये येतो. हे ६१ रुपये कंपनीचे झाले. त्यातला कलाकारांचा भाग आठ जणांत वाटला, तर प्रत्येकी एक चहा होईल, वडापाव होणार नाही.

पुढे ३१ डिसेंबर २०२० रोजी बौद्धिक संपदा अपील मंडळाने ही टक्केवारी सोडून प्रत्यक्ष वाजवलेल्या तासांवर दर बसवले. या मोजणीला धंद्यात 'नीडल अवर' म्हणतात. ग्रामोफोनची सुई जितका वेळ तबकडीवर टेकलेली, तितके तास, असा त्याचा मूळ अर्थ. सुई गेली, तबकडी गेली, कॅसेटही गेली, शब्द मात्र राहिला. काही महिन्यांतच ते अपील मंडळही बरखास्त झाले आणि त्याचे काम उच्च न्यायालयांकडे गेले.

माझा हेतू नाउमेद करण्याचा नाही. पण केवळ रेडिओसाठी हा खटाटोप करणार असाल, तर पोस्टाचा खर्चही निघेल की नाही हे आधी पाहावे.

देवगडकर_वकील (मंगळवार, रात्री ९:१०)

आकडेमोड बरोबर आहे आणि मी अशिलांना साधारण हेच सांगते. दोन गोष्टी जोडते. हा वाटा केवळ ध्वनिमुद्रणाचा झाला. शब्द आणि चाल यांचे पैसे वेगळे असतात. रेडिओने ते कवी-संगीतकारांना निराळे द्यायला हवेत काय, यावर बरीच वर्षे भांडण चालले. मुंबई उच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी आयपीआरएसच्या बाजूने निर्णय देऊन ते द्यावेच लागतील, असे म्हटले. आणि २०१२ नंतर कवी-संगीतकाराला या रॉयल्टीतला आपला निम्मा वाटा करार करूनही सोडून देता येत नाही, सोडल्याचे लिहून दिले तरी ते निरर्थक ठरते. तेव्हा अप्पांनी गायक म्हणून अर्ज करण्याआधी कवी म्हणून आयपीआरएसकडे सभासद व्हावे आणि वहीतल्या कवनांची यादी द्यावी. गायक-वादकांसाठी इस्रा ही संस्था २०१३ साली कॉपीराइट सोसायटी म्हणून नोंदली गेली. ती प्रथम केवळ गायकांची होती, पुढे वादकांनाही तिने सामावून घेतले आणि आता तिला इसाम्रा म्हणतात.

दुसरे असे की, आज रेडिओपेक्षा इंटरनेटवर गाणे अधिक वाजते आणि तिथे वैधानिक परवान्याची सवलत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स (संगीत कंपनी) विरुद्ध विंक (इंटरनेटवर गाणी ऐकवणारी सेवा) या खटल्यात हे स्पष्ट केले आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम ठेवले. १९९३ चा गण ढोल-ताशा भरून चढवणाऱ्याने निर्मात्याची आणि कवीची परवानगी घेतली होती काय, हा प्रश्न त्या ६१ रुपयांपेक्षा मोठा आहे.

मंडळ_कार्यकर्ता (बुधवार, सकाळी ११:००)

थोडे विषयांतर होईल. आमच्या सार्वजनिक गणपतीत दिवसभर कॅसेटी वाजतात. आम्हालाही पैसे भरावे लागतील काय?

देवगडकर_वकील (बुधवार, सकाळी ११:४०)

खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात वाजवलेल्या ध्वनिमुद्रणाला कलम ५२ मध्ये सूट आहे, लग्नाच्या वरातीलाही आहे. आरतीच्या वेळी चिंता नसावी. तिकीट लावून ऑर्केस्ट्रा ठेवलात, तर मात्र ती सूट मागू नका. याहून अधिक या धाग्यावर नको.

क्यूशीट (बुधवार, रात्री ८:३०)

मी आकाशवाणीत नोकरी केली आणि निवृत्त झालो. कोठल्या केंद्रात, ते महत्त्वाचे नाही. रत्नागिरीला १९७७ साली केंद्र सुरू झाल्यानंतर कोकणातल्या लोककलाकाराला प्रथमच मुंबई न गाठता माइक मिळाला, आणि त्या काळी आम्ही ध्वनिमुद्रणाच्या दिवशी पाहिलेले चेहरे मला अजून आठवतात. नमनाचे (कोकणातल्या लोकनाट्याचे) मृदुंगी स्टुडिओतल्या गालिच्यावर चपला काढून बसत आणि लाल दिवा लागला की त्यांचे श्वास ऐकू येत.

धाग्यावर एक फरक स्पष्ट व्हावा असे वाटते. आकाशवाणीवर स्वरपरीक्षा देऊन ज्याला श्रेणी मिळते, त्याला करारपत्र जाते आणि श्रेणीप्रमाणे मानधन मिळते. ते त्या कार्यक्रमाचे मानधन असते. खाडीकाठ यांचा प्रश्न बाजारात निघालेल्या ध्वनिमुद्रणाचा आहे. दोन्हींचे कागद, दोन्हींचे हक्कदार आणि दोन्हींचा पैसा वेगळा. लोककलावंत बहुधा या दोहोंत गफलत करतात आणि आकाशवाणीचे जुने करारपत्र घेऊन कॅसेट कंपनीकडे जातात.

नावांविषयी सांगायचे तर आमच्याकडे चित्रपटगीताला गायक, गीतकार आणि संगीतकार ही तिन्ही नावे सांगण्याचा दंडक होता आणि विविध भारतीच्या श्रोत्यांना तो पाठ आहे. लोकसंगीताला मात्र आम्हीही 'अमुक आणि साथीदार' असेच म्हणत आलो. क्यूशीटवर, म्हणजे काय वाजवायचे त्याच्या नोंदीच्या कागदावर, तेवढेच लिहिलेले असे, कारण कलाकारांनी दिलेल्या चिठ्ठीवर तेवढेच असे. बुवा आपले नाव लिहीत आणि पेन खाली ठेवीत. पुढे किती जणांची नावे लिहायची, असा प्रश्न मी केला की ते हसत. आज कायद्याचे पोटकलम वाचून मला त्या चिठ्ठ्या आठवल्या आणि वाटले की, मी आग्रह धरायला हवा होता. केंद्राने काय वाजवले याचा हिशेब क्यूशीटवरून लागतो आणि ज्याचे नाव तिथे नाही, त्याच्यापर्यंत कोणतीही संस्था पोहोचू शकत नाही.

दापोली_ते_न्यूजर्सी (गुरुवार, सकाळी ५:१५)

इथले चित्र उलटे आहे, म्हणून लिहितो. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओने गाणे वाजवले, तर कवी-संगीतकाराला पैसे मिळतात, गायकाला आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाला एक छदामही मिळत नाही. रेडिओमुळे तबकड्यांची जाहिरात होते, मग पैसे कशाला, हा प्रसारकांचा जुना युक्तिवाद इथल्या काँग्रेसने (संसदेने) आजवर मोडलेला नाही. १९९५ साली एक कायदा झाला आणि डिजिटल प्रसारणापुरता गायकाला हक्क मिळाला. त्यामुळे तेच गाणे मनोऱ्यावरून आले तर फुकट आणि उपग्रहावरून किंवा इंटरनेट रेडिओवरून आले तर पैशांचे, अशी विचित्र अवस्था आहे. १९७२ च्या १५ फेब्रुवारीपूर्वीची ध्वनिमुद्रणे तर केंद्रीय कायद्याबाहेरच राहिली होती, त्यांतल्या वृद्ध गायकांना २०१८ च्या कायद्याने आत घेतले. हवेतल्या रेडिओवरही पैसे द्यावेत, असे विधेयक २०२१ साली मांडले गेले, पण काम अडलेलेच आहे.

मात्र डिजिटलचे पैसे साउंडएक्सचेंज नावाची संस्था ज्या प्रकारे वाटते, ते खाडीकाठ यांनी पाहावे. १०० रुपये आले, तर ५० ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ मुख्य कलाकाराला आणि ५ रुपये कव्हरवर नाव नसलेल्या साथीच्या गायक-वादकांसाठी राखीव असतात, आणि हे प्रमाण कायद्यातच लिहिले आहे. कलाकाराचा वाटा कंपनीच्या हातून न जाता थेट त्याला पाठवला जातो. आपल्या कायद्यात साथीदारही हक्कदार आहे, पण त्याचा वाटा किती, हे कलमात लिहिलेले नाही. मला ते पाच टक्के आपल्या शब्दबंबाळ परंतुकापेक्षा अधिक उपयोगाचे वाटतात.

जाता जाता एक आठवण. रॉयल्टीची मागणी आपल्याकडे नवी नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी लता मंगेशकर यांनी गायकाला रॉयल्टी हवी अशी भूमिका घेतली, मोहम्मद रफी यांचे मत वेगळे होते आणि त्यावरून दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. ज्यांचे मूळ गाव गोव्यातले मंगेशी, त्या गायिकेलाही जे सहज मिळाले नाही, ते राजापूरच्या झीलकऱ्याला एका फोनवर मिळेल अशी अपेक्षा नव्हतीच.

कुडाळचा_बँजो (गुरुवार, सकाळी ९:००)

पाच टक्के लिहिलेले असते, तर मी मागायला जाण्याची वेळच आली नसती. पुढच्या हंगामाची भीती मागण्यातून येते. हक्काने घरी येणाऱ्या पैशातून ती येत नाही.

खाडीकाठ (सतरा दिवसांनी, रविवार, रात्री १०:३०)

सर्वांचे आभार. मधल्या काळात जे झाले ते नोंदवतो.

अप्पांना मी सगळा धागा वाचून दाखवला. त्यांना आता कमी ऐकू येते, म्हणून मोठ्याने वाचावा लागला आणि शेजारच्यांनीही ऐकला. ६१ रुपयांचा हिशेब ऐकून ते खूप हसले. आपल्याला रेडिओच्या पैशांची गरज नाही, असे त्यांनी प्रथम सांगितले. नंतर 'पारंपरिक' या शब्दावर येऊन ते थांबले आणि ती वही काढायला लावली. तुरेवाला यांच्यासाठी लिहितो की, चाल गुरुजींची होती, असे अप्पांनी स्वतःहून सांगितले. त्यांनी फक्त धृपदाची उचल बदलली होती. आयपीआरएसच्या अर्जात आम्ही त्यांना केवळ शब्दांचे कर्ते म्हणून दाखवले आहे. कवनांची कॉपीराइट नोंदणीही करणार आहोत. नोंदणी सक्तीची नसली तरी पुराव्याला बरी, असे वकीलताईंनी मला निरोपातून कळवले, आणि एका कवनसंग्रहाला शुल्क ५०० रुपये आहे.

कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र गेले आहे. त्यात १९९८ च्या करारात मुदत नसल्याचा मुद्दा आहे, गौळण कोठे कोठे प्रसारणासाठी दिली त्याची मागणी आहे आणि १९९३ च्या गणाची स्वतंत्र विचारणा आहे. दावा आपल्या जिल्ह्याच्या न्यायालयातही लावता येतो, मुंबईच गाठावी लागेल असे नाही, हे पत्रात शेवटी लिहिले. उत्तर आलेले नाही.

इसाम्राच्या अर्जासाठी प्रत्येक कलाकाराचे नाव हवे होते, म्हणून एका संध्याकाळी आम्ही १९९८ च्या त्या दिवसाची उजळणी केली. कॅसेट लावायची, थांबवायची आणि हा आवाज कोणाचा, असे अप्पांना विचारायचे. कानाने कमी ऐकणाऱ्या त्या माणसाने हेडफोन लावून एकेक झील वेगळी केली. पाचांपैकी चौघांची नावे मिळाली. त्यांतले दोघे गावीच आहेत, एक डोंबिवलीला आहे आणि एक हयात नाही. ढोलकीवाल्या काकांची मुलगी पावसजवळ असते. तिच्याकडे जाऊन आलो. वारस म्हणून अर्जावर सही करताना तिने विचारले की, त्यात बाबांचे नाव पूर्ण लिहिणार ना? तिने स्वतःच ते वडिलांच्या आणि गावाच्या नावासकट लिहून दिले.

पाचवा झीलकरी राहिला. आमच्या मंडळातल्या एकाला त्या आठवड्यात ताप आला, म्हणून ऐन वेळी बाहेरगावचा एक तरुण घेतला होता. गौळणीत सगळ्यांच्या वर जो आवाज जातो, तो त्याचाच. अप्पांना त्याचे नाव आठवत नाही. तो नाटे गावाकडचा होता, त्याचे वय पंचवीसच्या आसपास असेल आणि परतीच्या एस.टी.त त्याने पूर्ण रात्र झोप न घेता भजने म्हटली, एवढेच ते सांगतात. नाटे, जैतापूर, आंबोळगड या बाजूचे कोणी वाचत असतील तर कृपया विचारपूस करावी. १९९८ च्या श्रावणात दादरला जाऊन एक दिवस कॅसेटला झील धरलेला माणूस हवा आहे.

तुरेवाला (रविवार, रात्री ११:१०)

नाटे नसावे, आंबोळगड असावे. माझ्या मामांच्या मंडळात एक वरच्या पट्टीचा झीलकरी त्या सुमारास होता आणि तो मधूनमधून दुसऱ्यांकडे जाई. गुरुवारी मी त्या बाजूला जाणार आहे. कॅसेटमधली गौळण मला पाठवून ठेवा, मामांना ऐकवतो.